एकोणीस चिठ्ठ्या

"हिला स्टुलावर उभी करा. पाय दिसू दे सगळ्यांना."

दोघींनी मला बगलेत धरून चढवलं. पट्टी नुकतीच सुटली होती, पाय वाकडा बसला होता. मास्तरांनी छडीचं टोक माझ्या घोट्यावर टेकवलं.

"लिहा. वर्गात मुलं तीस. जिन्यावरून पडायची पाळी कुणावर तरी यायचीच, ती हिच्यावर आली. दोष कुणाचाच नाही. याला गणितात जोखीम म्हणतात."

एकानं विचारलं, खी ऱ्हस्व की दीर्घ? मास्तर म्हणाले, दीर्घ. माझ्या पायाबद्दल कुणीच काही विचारलं नाही. मी बारा वर्षांची होते.

शिंद्यांची रियासत जाऊन मध्यभारत झाला होता. हा माणूस मुळात मास्तर नव्हेच. दरबारच्या दफ्तरातला कारकून. विलीनीकरणात दफ्तर बंद पडलं, तेव्हा फालतू ठरलेला हा नग कुठेतरी खपवायचा म्हणून आमच्या मराठी शाळेत आणून टाकला. पगडी गेली, कमरेतला बाक तेवढा राहिला. वर्गात सरदार-मानकऱ्यांची अकरा मुलं. त्यांना हा "आपण" म्हणायचा. शेंबूड पुसता न येणाऱ्या पोराला "बाळासाहेब, आपण बसावं." उरलेले आम्ही एकोणीस, शिंदे की छावनी नि किला गेट या शिपाई-कामकऱ्यांच्या वस्त्यांतले. आम्हाला नुसतं "ए".

शाळा जुन्या पागेत भरायची. घंटा देवडीच्या माळ्यावर टांगलेली, घोड्यांच्या वेळची. जिन्याच्या मधल्या दोन पायऱ्या गायब, कठडा नाही. शाळेचा शिपाई म्हातारा, तो वर चढत नसे. मग मास्तरांनी अक्कल चालवली. बिस्किटाच्या डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या. रोज सकाळी एक काढायची. ज्याचं नाव निघेल त्यानं दिवसभर चढून घंटा वाजवायची. "गणितापुढे सगळे सारखे," असं वर ऐकवायचा. वा रे सारखे!

माझी चिठ्ठी पाचव्यांदा निघाली, त्या दिवशी मी पडले. तालमीतल्या पैलवानानं हाड बसवलं, ते तिरकं बसलं. तीन आठवडे खाटेवर. पडल्या पडल्या मी बोटांवर मोजत होते, आजवर वर कोण कोण चढलं. बाळासाहेब एकदाही नाही. त्या अकरांतलं एकही नाही. मला वाटलं, नशीब असतं एकेकाचं. इतकी मूर्ख होते मी.

स्टुलावरून उतरवल्यावर मास्तर म्हणाले, "लंगडी आता चढायच्या कामाची नाही. उद्यापासून हिनं डबा धरावा." तिथं तो फसला. दुसऱ्या दिवशी वर्ग भरायच्या आधी मी डबा ओच्यात उपडा केला नि मोजला. एकोणीस. परत मोजल्या. एकोणीसच.

मास्तर आले. मी उभी राहिले. "मास्तर, मुलं तीस आहेत. चिठ्ठ्या एकोणीस."

तो चिडला नाही. लाजला तर बिलकुल नाही. वेड्याला समजवावं तसा म्हणाला, "अगं, त्यांच्या चिठ्ठ्या कशा टाकायच्या? ती मुलं म्हणजे लोकांची जोखीम आहे माझ्यापाशी."

जोखीम! हा शब्द आमच्या घरीही होता. लग्नाकार्याला निघताना आई तिची एकुलती एक नथ रुमालात बांधून कमरेला खोचायची नि म्हणायची, "जवळ जोखीम आहे, गर्दीत शिरू नका." शब्द तोच. त्यांच्या पोरांना लावला की दागिना, मला लावला की मोडका पाय. या माणसाला आपण इतके दिवस वाकून नमस्कार करत होतो, याची किळस आली.

"काढ चिठ्ठी," तो म्हणाला.

काढली. बनीचं नाव. बनी आमच्या समोरच्या घरातली, अंगानं काडी. मी पडले तेव्हा ती जिन्याखालीच उभी होती. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं.

मी नाव मोठ्यानं वाचलं नाही. चिठ्ठी परत डब्यात टाकली. वहीचं पान फाडलं, अकरा नावं लिहिली, तुकडे केले, घड्या घातल्या, टाकल्या. डबा हलवून मास्तरांपुढे धरला. "आता तुम्ही काढा."

त्याचा हात उठेना. गणित शिकवणारा माणूस तीस चिठ्ठ्यांना घाबरला. तेवढ्यात बाळासाहेबांनी गळा काढला. "मेरा नाम क्यों डाला? मैं गिर जाऊँगा!" शाब्बास रे पठ्ठ्या. मला स्टुलावर चढवून जे कुणाला कळलं नव्हतं, ते तुला एका चिठ्ठीत कळलं.

मास्तरांनी डबा हिसकावला. मला चार छड्या मिळाल्या. त्या दिवशी कुणी वर चढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळासाहेबांच्या घरचा कारभारी टांग्यातून उतरला. हेडमास्तरांच्या खोलीत पाच मिनिटं बसून गेला. दुपारी घंटा खाली आली. ओसरीत एक खिळा, चार हात दोर. सुताराला अर्धा तास लागला नसेल. एवढंच काम होतं ते! माझा पाय मोडला तेव्हा ते कुणाला सुचलं नाही.

मग माफीचं लचांड. मी मास्तरांची माफी मागावी, नाहीतर शाळा सोडावी. माझे वडील रियासतीच्या फौजेत शिपाई होते, पलटण मोडल्यावर फूलबागेत राखणदार झाले. तो माणूस, जो कधी बंदूक खांद्यावर घेऊन ताठ उभा राहायचा, या कारकुनापुढे हात जोडून उभा राहिला. "लहान आहे मास्तरसाहेब, चुकली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माफी माग, बाई. दुसरी शाळा नाही आपल्याला."

"एकोणीस होत्या, बाबा. तुम्ही मोजून बघा."

मी माफी मागितली नाही. वर्ष संपेपर्यंत मला वर्गाबाहेर बसवलं, ओसरीत, त्याच घंटेखाली. खिडकीतून ऐकून मी गणित शिकले, नि त्याच गणितात पास झाले.

पुढे मध्यभारतही गेला, मध्यप्रदेश आला. मी गणिताची मास्तरीण झाले. जिना चढताना पाय अजून दुखतो. नवे साहेब येतात, नव्या योजना आणतात, खुर्चीत रेलून सांगतात की थोडी जोखीम सगळ्यांनीच घ्यावी लागते. ऐकलं की मला तो बिस्किटाचा डबा आठवतो नि हसू येतं, चांगलं नव्हे ते. मी साहेबांना एवढंच म्हणते, डबा आणा. इथं टेबलावर उपडा करा. आधी मी मोजणार.