वास आला नाही

आमच्या वन्सं बिअर चाखायची नोकरी करतात. सासूबाई होत्या तोवर शेजारीपाजारी ‘सरबताच्या कारखान्यात आहे’ असं सांगायच्या. मी देवाधर्माची बाई, मलाही आधी अवघडल्यासारखं व्हायचं. पण बारा वर्षांत वन्संचा पाय कधी अडखळला नाही. दिवसाला चार घोट, तेही कामापुरते. आठ माणसांचा लहानसा कारखाना. तिथे त्या बाटल्या धुवायला लागल्या आणि नाकाच्या जोरावर चाखायच्या टेबलापर्यंत पोचल्या. सगळे त्यांना ‘नाकवाली’च म्हणतात.

त्या मंगळवारी घरी आल्या त्या खुर्चीवर टेकेचनात. साबणाची वडी हुंगली. कॉफीचा डबा उघडला, झाकला, पुन्हा उघडला.

“वन्सं, काय हरवलंय?”

“नाक.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. तापातून उठल्यापासून, म्हणजे तीन आठवडे, त्यांना कशाचाच वास येत नव्हता. आज येईल, उद्या येईल म्हणून कुणाला बोलल्या नव्हत्या. आणि त्या दिवशी नव्या पेल एलची परीक्षा होती. ही बिअर फिकट सोनेरी, कडवट. टाकीतून घाईने काढली तर तिला लोण्याचा वास मारतो, मग सगळा माल वाया. म्हणून एक ग्लास गरम पाण्यात ठेवून कोमट करायचा, एक थंडच ठेवायचा आणि दोन्ही हुंगायचे. कोमट केल्यावर लपलेला वास वर येतो.

“मालकांनी विचारलं, वास आला का? मी म्हटलं, नाही आला. पुढचं सांगणारच होते, तर ‘शाब्बास, नाकवाली!’ म्हणाले आणि कागदावर बरोबरची खूण करून गेले की!”

“मग तुम्ही खोटं कुठे बोललात?”

“तेच तर टोचतंय, वहिनी. खरं बोलून फसवलं मी त्यांना. उद्या दहाला बाटल्या भरणार.”

फोन लावला, मालकांनी उचलला नाही. सकाळी वन्सं म्हणाल्या, “तुम्ही चला. एकटी गेले तर पुन्हा शब्द गिळून टाकीन.”

कारखान्यात फरशी ओली, पायात गमबूट घातलेली माणसं, टाक्यांमधून नळ्या पसरलेल्या. मालक बाटल्यांच्या यंत्रापाशी उभे होते.

“मालक, वास आला नाही.”

“कालच सांगितलंत की. शाबासकी किती वेळा घेणार?”

“लोण्याचाच नाही हो, कशाचाच येत नाही. तापापासून नाक गेलंय माझं.”

मालकांचा हात बटणावर तसाच राहिला. “आणि मागचा माल?”

“तो तापाच्या आधीचा.”

“मग काल तोंडाला कुलूप लावलं होतं?”

“तुम्ही थांबलात कुठे!”

लेबलं चिकटवणाऱ्या बाई फिसकन हसल्या. मालकांनी त्यांनाच पुढे ढकललं, “हसता काय, हुंगा!” वन्संनी घड्याळ लावून ग्लास कोमट केला आणि त्या बाईंच्या नाकाखाली धरला.

“अगं बाई! लोणी लावलेला पाव आहे की हा!”

मालकांनी स्वतः हुंगलं. यंत्राचं बटण बंद केलं. “तीन दिवस टाकीतच राहू दे,” एवढंच म्हणाले. मग वन्संकडे वळले, “आता वास या घेतील. आणि तुम्ही...”

वन्संनी थंड ग्लास उचलला. एक घोट घेऊन गिळला. या बिअरचा कडूपणा घशाशी कळतो म्हणे. “कडू ठीक आहे,” त्या म्हणाल्या, “पण मागाहून जीभ कोरडी पडते. तुरट लागतंय. धान्य शेवटी फार गरम पाण्याने धुतलंय कुणीतरी, सालांचा तुरटपणा उतरलाय.”

टाकीमागे उभ्या असलेल्या एकाने मान खाली घातली.

“जीभ शाबूत आहे म्हणायची,” मालक म्हणाले. “बघू महिनाभर.”

वन्सं मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. मला वाटलं होतं, मोकळ्या झाल्या असतील. पण बोटांनी एप्रनची नाडी सोडत-बांधत होत्या.

“वहिनी, महिना झाला आणि नाहीच आला तर?”

मी मनात देवाचं नाव घेतलं. “तर तेही तोंडावर सांगाल.”

“ते सांगेन हो,” त्या म्हणाल्या, “पण त्यानंतर?”

आतून हाक आली. एप्रनची नाडी घट्ट बांधत त्या धावल्या.