ग्लेनसाठी न मिळालेली सुट्टी

ग्लेन गेला तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही, कारण तो माझा कुणीच लागत नव्हता.

आज वर्ष झालं. अजून कुणाशी धड बोललो नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

पायलट म्हटलं की लोकांना गॉगल आणि ट्रॉली बॅग दिसते. रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, दिसत नाही.

आमच्याकडे सगळं सीनियॉरिटीवर चालतं. तुम्ही विमान किती झकास उतरवता याला कुणी विचारत नाही. कधी जॉइन झालात, बस. दिवाळी, रविवार, घरच्या बिछान्यातली झोप, सगळं वरून वाटत वाटत खाली येतं. खालच्यांपर्यंत पोचतो तो स्टँडबाय.

स्टँडबाय म्हणजे इस्त्रीचा युनिफॉर्म दाराला लटकवून घरात बसायचं. आंघोळीला जातानाही फोन बरोबर.

ग्लेन आणि मी एकाच दिवशी जॉइन झालो. अशा वेळी वयाने मोठा तो वर. तो काही महिन्यांनी मोठा होता, त्यामुळे आयुष्यभर माझ्या वर एक.

"मोठा भाऊ म्हण रे मला," असं छळायचा.

भाऊच होता. गणपतीत माझी ड्यूटी तो घ्यायचा, ख्रिसमसला त्याची मी. विचारायचं नाही, परस्पर स्वॅप टाकून मोकळा. मुलुंडला आमच्या घरी मोदक झाले की आई आधी त्याचा डबा भरायची.

मग को-पायलटांच्या यादीत हळूहळू वर सरकत त्याला माणसासारखं रोस्टर मिळायला लागलं. आणि नेमकी तेव्हाच कॅप्टन व्हायची ऑफर आली.

त्याने नाही म्हणून सांगितलं.

साकीनाक्याला चहा पिताना मी त्याला झापला होता. "वेडा आहेस का? खांद्यावरच्या चार पट्ट्या सोडतोस?"

"मुंबई बेस देत नाहीयेत रे. आणि कॅप्टन झालो की कॅप्टनांत परत सगळ्यात खाली. परत स्टँडबाय, परत सगळे सण बाहेर."

"काही वर्षं काढायची ना यार."

"पप्पांकडे तेवढी वर्षं आहेत का?"

त्याच्या पप्पांना पॅरालिसिस झाला होता. त्यांना आंघोळ हाच घालायचा. रविवारी मिस्साला चर्चमध्ये हाच न्यायचा. दुसऱ्या कुणाचा हात धरायला ते तयारच नसायचे.

"तू जा," तो म्हणाला. "आता नंबर तुझाच आहे. बिनधास्त जा."

मी गेलो. चार पट्ट्या लागल्या. उत्तरेतल्या एका शहरात भाड्याची खोली, आणि मुलुंडला यायचं तर दुसऱ्याच्या विमानात सीट उरली तर.

तो इथेच राहिला. मागून आलेली पोरं कॅप्टन झाली, त्यांच्या शेजारी बसून हा त्यांना "सर" म्हणायचा. क्रू रूममध्ये लोक हसायचे. त्यालाही कळायचं. युनिफॉर्म बदलून पप्पांच्या आंघोळीच्या वेळेला घरी.

आणि मग एका सुट्टीच्या दिवशी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. हार्ट. त्याच्या बायकोचा, शारमेनचा फोन आला तेव्हा मला दोनदा विचारावं लागलं की पप्पा का ग्लेन.

रोस्टरमुळे गेला असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही. थकला होता एवढं माहीत आहे. आम्ही सगळेच थकलेलो असतो.

रोस्टरवाल्यांना फोन लावला.

"सर, इमिजिएट फॅमिली?"

"नाही. मित्र आहे."

"मग सर, स्वॅप बघा ना तुम्ही."

ग्रुपवर मेसेज टाकला. हात जोडलेले इमोजी भरपूर आले. ड्यूटी कुणी घेतली नाही. मी त्यांच्यावर चिडलो नाही, त्यांच्या घरीही कुणीतरी वाट बघत होतं. असल्या वेळी न विचारता ड्यूटी घेणारा मला एकच भेटला होता, आणि त्यालाच पोचवायचं होतं.

सिक कळवायचं मनात आलं. पण फ्लाइट मुंबईचीच होती. वेळेत उतरलो असतो तर मातीला पोचलो असतो. सिक कळवून कंपनीच्या विमानात नुसतं बसूनही जाता येत नाही, त्यामुळे दुसरा मार्गच नव्हता.

निघतानाच उशीर झाला. मुंबईवर नेहमीची रांग, वर घिरट्या. घड्याळ बघायचं मी बंद केलं.

शेवटी उतरायला मिळालं. डावीकडे देवनारचा कचऱ्याचा डोंगर, समोर घाटकोपर, त्यापुढे साकीनाका. ग्लेनचं गावठण बरोबर त्या वाटेखाली येतं, त्यांचं चर्चही. शेजारच्या को-पायलट मुलीला मी निघण्याआधी सगळं सांगितलं होतं. उतरताना कॉकपिटमध्ये कामाशिवाय एक शब्द बोलायचा नसतो, असा नियम आहे. ती बोलली नाही, मी बोललो नाही. खाली बघितलंही नाही. लँडिंग चांगलं झालं.

युनिफॉर्मवरच टॅक्सी पकडली. त्याच्या घरी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. लोक चपला शोधत होते. पप्पा ओसरीवर व्हीलचेअरमध्ये. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि पहिल्यांदा रडलो.

ते थांबत थांबत बोलतात. "चर्चमध्ये फादर बोलत होते... मधेच वरून विमान गेलं. फादर गप राहिले. आवाजात काय ऐकू येत नाय ना."

मी मान हलवली.

"ते तुझं होतं काय रे?"

त्या वेळेला विमानामागून विमान उतरत असतं. त्यातलं माझं कुठलं, देव जाणे.

मी म्हटलं, "हो अंकल. माझंच होतं."

त्यांनी चांगला हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"मग तू होतास," ते म्हणाले.

ग्लेन, मित्रा, तुला उशिराच पण मनापासून श्रद्धांजली. आराम कर आता.