मामांचे तीनशे ठिपके

पेण-रोह्यातली सगळी काळजी आमचे हमरापूरचे मामा एकटे करतात, म्हणून बाकीचे लोक दुपारी निवांत झोपू शकतात. जन्मभर त्यांनी गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखले. तेव्हाही मूर्ती गिऱ्हाइकाच्या मखरात बसेपर्यंत 'नजर तिरली तर नाय ना झाली?' या धास्तीने त्यांना जेवण गोड लागत नसे. कारखाना मुलाकडे सोपवून त्यांनी फोटो छापायचा प्रिंटर घेतला आणि काळजीला नवं कुरण मिळालं. इंचाला तीनशे ठिपके हवेत, हे कुठूनसं कळल्यापासून ते छापलेला फोटो भिंगाखाली धरूनच बघतात. शेजारी कुणी फोटो घेऊन आला की उलटतपासणी सुरू: "व्हॉट्सॲपवरचा हाय? मंग नाय जमाचा. वाटंत ठिपकं गलतान." मला रोह्याला फोन ठरलेला. "बाला, दोनशेवर चालंल का रं?" मी म्हणायचो, चालेल. "आनि नाय चाललं तं?"

गेल्या वर्षी मामी गेल्या. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला फोटो हवा होता. हसऱ्या मामींचा एकच सापडला, लग्नातल्या घोळक्यातून कापलेला, तोही व्हॉट्सॲपवरचा. मामांचा धीर सुटला, म्हणून मी आदल्या दिवशीच हमरापूर गाठलं. संगणकात त्यांनी आकडा तीनशे केला, पण नवे ठिपके येणार कुठून? मोठ्या कागदावर साडी आली, हसू आलं, डोळ्यांच्या जागी नुसता राखाडी धूर. "बाला, डोलं नाय आलं रं," मामा म्हणाले. मग त्यांनी आखणीचा बारीक ब्रश काढला आणि डोळे आखले. लांब, रेखीव, शांत. कागदावर साक्षात गौर बसली होती, मामी नव्हत्या.

"हे डोलं माझं हायेत," मामा म्हणाले, "तिचं नाय." आणि रडू लागले. मलाही राहवलं नाही.

शेवटी फोटो तळहाताएवढा छापला. त्यात ठिपके दाटीने बसले आणि हसताना बारीक होणारा मामींचा डावा डोळा नेमका उमटला. दुसऱ्या दिवशी हार फोटोपेक्षा मोठा निघाला, म्हणून मामांनी एकच झेंडू वाहिला. "लांबून काय दिसत नाय," कुणीतरी कुरकुरलं. "मंग जवल ये," मामा म्हणाले.

फोन अजून येतो. "बाला, शाई उडनार नाय ना रं?" पूर्वी मी बेधडक 'नाही' म्हणायचो. आता म्हणतो, "मामा, उन्हात ठेवू नका."

"नाय ठेवत," ते म्हणतात. "मीच हुबा ऱ्हातंय उन्हाकडं पाठ करून."