पावलातलं धान

छत्तीसगडकडून हत्ती आमच्या भागात उतरले, त्या वर्षी मी दिवाळीला गडचिरोलीतल्या माझ्या माहेरी होते. वाघाची आम्हाला सवय आहे, त्याला शिव्याही देतो. हत्ती मात्र आईच्या लेखी देव. एका सकाळी घरामागच्या वाडीत परातीएवढं पाऊल उमटलेलं दिसलं. आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि त्यात ओंजळभर नवं धान ठेवलं.

दुसऱ्या सकाळी धान नव्हतं. "देवानं घेतलं," आई म्हणाली. मग रोज सायंकाळी सूपभर.

फॉरेस्टचा गार्ड गावभर बजावून गेला होता, घराजवळ धान, मोहफुलं उघडी ठेवू नका, वासावर येतात. मी शाळेत विज्ञान शिकवते, मला गार्डानं सांगायची गरज नव्हती. पण मी नुसती टिंगल केली, "देवाले चटणी नाई लागत का वो?" आणि सोडून दिलं. चार दिवसांच्या माहेरपणात आईशी कोण वाद घालत बसेल!

भाऊबीजेला तिन्हीसांजेच्या वेळी कळप आला. आम्ही दार लावून आत बसलो. सूप फस्त झालं. आमच्या भिंतीला न शिवता ते शेजारच्या घराकडे वळले. तिथं आत धान साठवायची ढोली भरलेली होती. मातीची भिंत क्षणात आडवी झाली. शेजारी गोठ्यातले बैल सोडायला धावला. बैल पळाले, तो पायाखाली आला.

तेरवीपर्यंत मी रजा वाढवून थांबले. त्या दिवसांत आईनं वाडीत धान ठेवलं नाही, माझ्या नजरेला नजरही दिली नाही. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची बायको लेकराला कडेवर घेऊन आमच्या ओट्यावर आली.

"काकू, तुमच्या घराले त्याईनं बोटबी नाई लावलं. तुमी धान ठेवत होत्या. मले काऊन नाई सुचलं वो? मी ठेवलं असतं तं लेकराचा बाप वाचला असता ना?"

आई निवडत होती ते तांदूळ तसेच राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी 'नाही' म्हटलं असतं, तर त्या बाईचं ओझं उतरून आईच्या डोक्यावर बसलं असतं. मी तर निघून जाणार होते, आईला मात्र तिच्या शेजारीच जन्म काढायचा होता. मला आईची दया आली आणि स्वतःची भीती वाटली.

"हो वो," मी म्हणाले, "वाचला असता."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन मी निघाले. ती पडक्या भिंतीमागं वाकून सुपातलं धान जमिनीवर ओतत होती, लेकरू बाजूला मातीत बसलेलं. पुढच्या तीन घरांमागंही तशीच सुपं मांडलेली दिसली. बस चुकेल म्हणून मी थांबले नाही.