घरच्या बाईचा फोटो

माझ्या धाकट्या काकांवर माझा राग आहे आणि ते गेल्यावरही तो गेलेला नाही. महाडच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. साठ सालच्या आसपास वरंधच्या खोऱ्यातल्या निम्म्या मुलींची लग्नं त्यांच्या पेन्सिलीने जमवली. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, मागून उजेड सोडायचा आणि टोकदार पेन्सिलीने देवीचे वण भरून टाकायचे. फोटोत मुलगी गुळगुळीत. मग सासरचे बोंबलायचे, ते आईबापांनी निस्तरायचं.

माझ्या आईचा एकच डोळा कामाचा होता. दुसरा लहानपणी देवीतच गेलेला. उरलेल्या डोळ्यापुढे जाळं येऊ लागलं तेव्हा मुंबईत राहणाऱ्या माझ्या भावाने तिला तिकडे नेलं. तिथे नव्या यंत्राने डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढला. तो धुऊन येईपर्यंत आई थांबेना, इकडे भाताची कापणी होती. "फोटो तुमच्या गावच्या डॉक्टरांना दाखवा. शिरांजवळ रक्ताचे ठिपके दिसले तर लगेच परत आणा, अजून उपाय आहे," तिथल्या डॉक्टरांनी बजावलं.

भावाने मागाहून कुणाबरोबर तरी एसटीने निगेटिव्ह पाठवली, ती ओरखडे पडूनच पोचली. महाडचे डॉक्टर म्हणाले, यात शिरा नीट दिसत नाहीत. एवढे ओरखडे बुजवून मोठी प्रत करून आणा.

काम अर्थातच काकांकडे गेलं. ओरखडे त्यांनी सुरेख बुजवले, हे मी नाकारत नाही. झाडाच्या मुळांसारख्या शिरा स्वच्छ उमटल्या. ठिपका एकही नाही. डॉक्टर म्हणाले, पडदा छान आहे, घाबरू नका. आम्ही पेढे वाटले.

होळीपर्यंत आईला पेटलेली चूल दिसेनाशी झाली. पुन्हा मुंबई गाठली. तिथल्या डॉक्टरांनी तीच निगेटिव्ह भिंगाखाली धरली आणि विचारलं, "यावर पेन्सिल कोणी चालवली?" उपायाची वेळ निघून गेली होती.

परतल्यावर मी तडक स्टुडिओत गेले. काकांनी कामावरून मानसुद्धा वर केली नाही.

"घरच्या बाईचा फोटो गो, त्यात डाग ठेवू काय?"

ती पेन्सिल त्यांच्याच डोळ्यात खुपसावी असं मला वाटलं.

पुढे भावाच्या लग्नात त्यांनी आईचा फोटो काढला आणि चौकटीत बसवून स्वतः घेऊन आले. दोन्ही डोळे टपोरे, दोन्हींत चमक रंगवलेली.

"कसा वाटला, वहिनी?"

आईने काचेवरून हात फिरवला. "मला कुठं दिसतंय, भावजी? तुमीच सांगा."

आणि तो माणूस खरंच सांगत बसला: पदर, नथ, चकाकते डोळे.