पंचविसावा अंगठा

साहेबराव पालिकेच्या झाडूवाल्यांचा मुकादम. रोज पहाटे बारामतीच्या एसटी स्टँडवर त्याची टोळी झाडायला यायची आणि फलाटावर झोपलेल्यांना उठवायचं काम त्याच्याकडं असायचं. बावीस वर्षांत त्यानं कुणाला काठीनं डिवचून उठवलं नाही. पायाशी उकिडवा बसायचा आणि म्हणायचा, "उठा पाव्हणं, उजाडलं." ज्याला सख्खा भाऊ उंबऱ्यात उभा करत नव्हता, त्याला हा रोज पाव्हणा म्हणायचा. तुमचे हे पाहुणे एक दिवस आपल्याच घरी मुक्कामाला येतील, असं त्याची बायको ज्योत्स्ना त्याला चिडवायची.

या कामाचा दुसरा भागही त्याच्याच गळ्यात होता. जो पाहुणा हाक मारूनही उठत नसे, त्याला पंचनामा झाल्यावर हातगाड्यावर घालून मसणवट्यात पोचवायचं. पंच्याण्णवच्या थंडीत असे तिघं उठले नाहीत. तिसऱ्याला पोचवून आला त्या दिवशी साहेबराव जेवला नाही. तेव्हापासून त्यानं एकच धोशा लावला, या माणसांना पाठ टेकायला छप्पर पाहिजे. पालिकेतल्या साहेबांच्या टेबलापुढं तो इतक्यांदा जाऊन उभा राहिला, की तो दिसला की साहेब चष्मा पुसायला घ्यायचे.

आणि शहाण्णवच्या दिवाळीनंतर खरंच वरून पत्र आलं. निवारा बांधायला मदत मिळणार होती. अट एवढीच, की निदान पंचवीस निराधारांची यादी हवी. 'मला घर नाही, जवळचं कोणी नाही' असं लिहिलेल्या कागदावर प्रत्येकाचा अंगठा हवा, आणि पुण्याहून अधिकारी येऊन एकेकाला समक्ष विचारणार. यादी करायची कुणी, हे सांगायची गरजच नव्हती.

पंचवीस काय, चाळीस मिळतील, असं त्याला वाटलं. माणसं तर डोळ्यांपुढं झोपलेली होती. पण कागद पुढं केला की जो तो घरंदाज व्हायचा. उसाच्या मोळ्या उचलून कंबर गेलेला सावळाराम वर्षभर पोत्यावर झोपत होता. तो म्हणाला, आपलं गावाकडं चार खणांचं घर हाय, हितं आपण नुसतं हवापालटाला आलोय. कुणाचा भाऊ मोठा बागायतदार निघाला, कुणाचा जावई फौजदार. साहेबरावाला आधी हसू यायचं. माणूस उपाशी राहील, थंडीत काकडेल, पण मला कोणी नाही हे स्वतःच्या तोंडानं म्हणणार नाही, हे त्याला त्या महिन्यात कळलं. एकेकाशेजारी बसून, चहा पाजून, त्यानं कसेबसे चोवीस अंगठे मिळवले.

राहिली शकुबाई. पासष्टीची ही बाई तीन वर्षं स्टँडवर इंदापूरची गाडी लागते त्या फलाटाजवळ एका खांबाआड राहत होती. तिचा एकुलता एक लेक जोतीराम लोणी देवकरला कंपनीत कामाला होता, इंदापुरात त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. सुनेशी खटका उडाला तेव्हा, थोडे दिवस मामाकडं जा, असं सांगून लेकानं आईला बारामतीच्या गाडीत बसवून दिलं. मामाला मरून तेव्हाच पाच वर्षं झाली होती आणि तिच्याइतकंच लेकालाही ते चांगलं ठाऊक होतं. एवढं होऊनही बाई म्हणायची, माझा लेक गुणाचा हाय, कामाच्या रगाड्यात हाय.

गुरुवारी कंपनीला सुट्टी असे. जोतीराम बारामतीच्या बाजाराला यायचा आणि दुपारच्या गाडीनं परत जायचा. शकुबाई खांबाआडून त्याला बघायची, पुढं कधी झाली नाही. तो वाळलाय की अंगानं भरलाय एवढं दिसलं, की तिचा पुढचा आठवडा निघायचा.

साहेबरावाला तिनं आधी दाद दिली नाही. त्याच्या घरची भाकरीही ती कधी घेत नसे. पोट भरलंय, म्हणायची. त्यामागचं जातीचं कारण साहेबरावाच्या बापापासून सगळ्यांना पाठ होतं. तो भाकरी मुकाट्यानं परत न्यायचा. मुदत संपत आली तेव्हा मात्र त्यानं तिच्यापुढं फतकल मारली. चोवीस जणांचं छप्पर तुझ्या एका अंगठ्यापायी अडलंय, असं सांगितलं.

"मावशी, कागदापुरतं म्हणायचं. नुसत्या शब्दानं काय हुतंय?"

बोलताना त्याचीच जीभ अडखळली. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर बापानं घरातले देव नीरेत सोडले, तेव्हा साहेबराव दहा वर्षांचा होता. आजी रडत होती आणि बाप तिला सांगत होता, शब्द दिलाय, आता तो माघारी फिरत न्हाय. त्या एका शब्दावर घरानं कात टाकली, पोरं शाळेत गेली. आणि त्याच घरातला साहेबराव आज विचारत होता, शब्दानं काय होतंय.

शकुबाईनं कागद जवळ ओढला. मग तिनं अंगठा शाईत दाबला.

अधिकारी यायचा दिवस नेमका गुरुवार निघाला. साहेबरावानं तारीख बदलून मागितली, पण मुकादमाचं कोण ऐकतो? स्टँडवरच टेबलखुर्ची मांडली. पुण्याहून आलेल्या अधिकारी बाई स्वभावानं मऊ होत्या, एकेकाला जवळ बोलावून हळू आवाजात विचारत होत्या. चोवीस जण झाले. इंदापूरची गाडी फलाटाला लागून घरघरत उभी होती. शकुबाई टेबलापुढं आली आणि त्याच वेळी बाजाराची पिशवी घेऊन जोतीराम गाडीच्या दारापाशी आला. दोघांत पाच पावलांचं अंतर असेल.

बाईंनी विचारलं, "आजी, मुलंबाळं, जवळचं कुणी आहे का?"

शकुबाईनं मान वर केली. तीन वर्षांत पहिल्यांदा मायलेकांची नजरानजर झाली. आता हा पुढं येईल, ही माझी आई आहे म्हणेल, असं साहेबरावाला वाटलं. येऊ दे, चुलीत गेली ती यादी, असं अगदी मनापासून वाटलं. शकुबाईही थांबली होती. जोतीरामनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग खाली मान घालून तो गाडीत चढला आणि खिडकीशी बसला.

"कुणी न्हाय," शकुबाई म्हणाली.

यादी पुरी झाली. बाईंनी सगळ्यांदेखत साहेबरावाचं कौतुक केलं, सावळारामानं त्याला मिठी मारली. साहेबरावाला मात्र कुणाकडं बघवत नव्हतं.

गाडी गेल्यावर शकुबाई स्टँडच्या नळावर गेली. पौषातल्या गारठ्यात तिनं लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं. म्हातारीला खूळ लागलं म्हणून उभी असलेली माणसं हसली. साहेबराव हसला नाही. मसणवट्यातून आल्यावर माणूस अशी अंघोळ करतो, हे त्याच्याइतकं कुणी बघितलेलं नव्हतं. लेक धडधाकट इंदापूरला चालला होता आणि आई त्याचं सुतक धरून खांबाला टेकून बसली होती. चहावाल्यानं दिलेला चहा तिनं घेतला नाही.

साहेबरावानं घरी जाऊन ज्योत्स्नाला सगळं सांगितलं. तिनं पिठलं केलं, भाकरी थापल्या, वर आपलं एक कोरडं लुगडं दिलं. दिवेलागणीला त्यानं ती शिदोरी शकुबाईपुढं ठेवली. नको म्हणणार हे धरूनच तो आला होता.

शकुबाईनं फडकं सोडलं आणि हात मांडीवर ठेवून बसली.

"मयताच्या घरात चूल पेटत न्हाय, साहेबराव. पयला कडू घास सोयऱ्यानं भरवायचा असतोय. तुझ्याबिगर मला आता कोण हाय? दे."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि तिच्या तोंडात घातला. ती सावकाश चावत राहिली. घास गिळल्यावर तिनं विचारलं, "त्यानं ऐकलं नसंल न्हवं? गाडीचा लई आवाज हुता."

"न्हाय ऐकलं, मावशी," साहेबराव म्हणाला आणि दुसरा तुकडा मोडायला लागला.