आत्याच्या चालीचं मायनर

आमच्या जिन्यात बातमी अशी, की लग्न मोडल्यापासून आत्या हसत्या गाण्यांची रडगाणी करते. "बिच्चारी! कुढते हो आतल्या आत," तळमजल्यावरच्या काकू नाकातून सांगतात आणि 'आत'वर असा श्वास ओढतात, की दूधवालासुद्धा हळहळतो.

साफ खोटं. लग्न आत्यानेच मोडलं आणि त्या दुपारी ती ढाराढूर झोपली. रडगाणी हा तिच्या कामाचा भाग. नाटक कंपनीत ती वादकांसाठी कॉम्प्युटरवर नोटेशन उतरवते. कुणाला गाणं वरच्या पट्टीत हवं असतं, कुणाला मेजरचं मायनर, म्हणजे हसऱ्याचं उदास. गाणी मात्र कायम दुसऱ्यांची.

सध्या बसवताहेत त्या नाटकात पहिल्यांदाच एक चाल तिची स्वतःची आहे. पहिल्या अंकात ती मेजरमध्ये उड्या मारत येते. दिग्दर्शककाकांना तीच तिसऱ्या अंकात उदास हवी होती. "उद्या तालमीत जमली तर जमली. नाहीतर दोन्हीकडून कट!"

आत्या लगेच कॉम्प्युटरपुढे बसली. घाईत तिने ओळीच्या सुरुवातीची मेजरची खूण तेवढी बदलून मायनरची केली. सॉफ्टवेअर भलतंच आज्ञाधारक. त्याने सूर जिथल्या तिथे ठेवले आणि ते हलू नयेत म्हणून पानभर चिन्हांची पुरळ उठवली. वाजवून पाहिलं, तर त्याच उड्या.

"आत्या, हे मेजरच आहे गं. फक्त गोवर आलेलं."

"गप गं, भवाने."

तिने ते सगळं मागे घेतलं आणि या वेळी सूरही हलवायला सांगितले. गंधार, धैवत, निषाद, तिघेही कोमल झाले. चाल उदास झाली खरी, पण शेवट मिळमिळीत. दार लोटलं, पण कडी लागलीच नाही, तसा. आत्या पेन्सिल चावत तीच ओळ ऐकत राहिली. मग शेवटचा निषाद तिने हाताने पुन्हा शुद्ध केला.

"हां. आता आली घरी."

"पण काका ऐकतील कशाला तिथपर्यंत?" मी म्हटलं. कुठलंही गाणं अर्ध्यावर आलं, की काका टाळी वाजवून "पुढेऽऽ!" असं ओरडतात, जसं काही गाडी सुटतेय. "पैज. कडवं संपायच्या आत टाळी पडणार."

"नाही पडली तर?"

"सांगशील ते करीन."

"मग त्यांची नक्कल करायची. त्यांच्यासमोर."

दुसऱ्या दिवशी तालमीत व्हायोलिनवाल्यांनी चाल धरली. आत्या माझ्या शेजारी, पेन्सिल दातात. निम्म्यावर काकांचे दोन्ही हात वर गेले. मी कोपराने आत्याला ढोसलं. हात तसेच हवेत राहिले, मग हळूच मांडीवर उतरले. शुद्ध निषाद आला, सा आला, व्हायोलिन थांबलं.

"परत वाजवा," काका म्हणाले. परत ऐकलं आणि घसा खाकरला. "राहू दे. दोन्हीकडे राहू दे."

आत्याने पेन्सिल तोंडातून काढली. पानाच्या कोपऱ्यात चाल कुणाची ते लिहायची जागा असते, तिथे तिने स्वतःचं नाव घातलं. मग खुर्ची सरकवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काका, आमच्या या पोरीला तुम्हाला काहीतरी करून दाखवायचंय."